दंड आहे, अनुदान आहे. तरी धसकटे का पेटतात?

प्रश्न : पंजाब-हरियाणात भाताची धसकटे जाळली की दंड होतो आणि न जाळण्यासाठी लागणाऱ्या यंत्रांना अनुदानही मिळते. मग शेते पेटतात तरी का?

उत्तर : याचे एक मोठे मूळ पाणी वाचवण्याच्या कायद्यात आहे. भूजल झपाट्याने खाली चालले म्हणून पंजाबने २००९ मध्ये १० जूनच्या आत भाताची लावणी करण्यास बंदी घातली. नियम मोडला तर हेक्टरी दरमहा १०,००० रुपये दंड. ऐन उन्हाळ्यात बाष्प होऊन जाणारे पाणी त्यामुळे वाचले. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली. गहू मात्र थांबत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापलीकडे गेली की दाणा भरताना उन्हाचा तडाखा बसतो आणि उतारा घटतो. दोन पिकांमध्ये उरतात जेमतेम वीस दिवस. हार्वेस्टर धसकट उभे सोडतो आणि मोकळ्या पेंढ्याच्या रांगा मागे टाकतो. अशा वेळी काडी ओढणे सर्वांत स्वस्त पडते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दंड दुप्पट झाला : दोन एकरांच्या आत ५,०००, दोन ते पाच एकरांना १०,०००, त्याहून जास्त जमिनीला ३०,००० रुपये. पण दंड वाढला म्हणून वीस दिवसांचे तीस होत नाहीत. शिवाय आगी मोजणारे मुख्य उपग्रह दिवसा ठरावीक वेळी, भर दुपारी डोक्यावरून जातात. त्यानंतर पेटवलेले रान बऱ्याचदा निसटते. तेव्हा आगींची नोंद घटली म्हणजे जाळणे तेवढेच घटले, असे धरू नये.

अनुदानाची अडचण निराळी. २०१८ पासून एकट्या शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीच्या ५० टक्के, तर सहकारी संस्था आणि अवजार भाड्याने देणाऱ्या केंद्रांना ८० टक्के मदत मिळू लागली. पण हॅपी सीडर, म्हणजे धसकटे न जाळता त्यांतच गहू पेरणारे यंत्र, वर्षातून तीनच आठवडे कामाला येतो, ओढायला ४५ अश्वशक्तीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो आणि दिवसाला सहा-आठ एकरच उरकतात. म्हणजे एका यंत्रामागे हंगामात दीडशे एकरांच्या आतबाहेर. रांगेत शेवटी असलेल्याचा धीर सुटतो तो इथेच.

आमचे स्पष्ट मत असे की, पैसा यंत्रापेक्षा न जाळलेल्या एकराला द्यावा. हरियाणाने एकरी १,००० रुपयांपासून सुरू केलेले प्रोत्साहन त्याच वाटेचे आहे. मात्र रक्कम पेरणीआधी हातात पडली तरच ती यंत्राच्या भाड्याला उपयोगी पडते. आणि पीआर १२६ सारखे भाताचे वाण पुसा ४४ या दीर्घ मुदतीच्या वाणापेक्षा साधारण महिनाभर आधी निघते. आगीचे कारणच मुळात दिवसांची टंचाई, त्यामुळे असे बियाणे वेळेवर पुरवणे हा आम्हाला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो.

प्रश्न : हॅपी सीडरने पेरलेला गहू पिवळा पडतो, उंदीर-किडी वाढतात, अशी तक्रार ऐकली. खरी का?

उत्तर : खरी आहे, पण टाळता येते. युरिया पेंढ्यावर पडून राहिला तर मुळाशी पोचत नाही आणि त्यातला नत्र हवेत उडतो. म्हणून तो पाणी देण्याच्या अगदी आधी टाकावा, म्हणजे पाण्याबरोबर खाली उतरतो. दव असताना पेरणी केली तर ओला पेंढा दात्यांना गुंडाळला जातो आणि यंत्र तुंबते. दव उडाल्यावर, साधारण दहानंतरच सुरुवात करावी. हार्वेस्टरच्या मागे पेंढा पसरवणारे जोडयंत्र नसेल, तर ढिगाखालचे बी उगवतच नाही. बियाणेही एकरी ४० ऐवजी ४५ किलो धरावे. गुलाबी खोडकिडा आणि उंदीर यांच्यासाठी पहिले काही आठवडे शेतात फेरी मारावीच लागते.

याच्या बदल्यात जमिनीला काय मिळते तेही पाहा. टनभर पेंढ्यात सुमारे साडेपाच किलो नत्र आणि २५ किलो पालाश असते. जाळल्यावर नत्र जवळजवळ सगळेच हवेत जाते.