'ब्रिमफुल ऑफ आशा'नंतर कॉर्नरशॉप हा बँड संपला का?

तुमचा प्रश्न असा आहे की आशाताईंच्या नावाचं गाणं करणारा कॉर्नरशॉप हा इंग्लिश बँड त्या एका हिटनंतर गेला कुठे. तो कुठेच गेला नाही. 1991 मध्ये सुरू झालेल्या या बँडचा 'इंग्लंड इज अ गार्डन' हा अल्बम 2020 मध्ये आला आणि माझ्या मते तो त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे. 'वन हिट वंडर' म्हणून त्यांची बोळवण होते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी हे गाणं पहिल्यांदा 1998 मध्ये ऐकलं, परीक्षा संपल्यावरच्या सुटीत, केबलवर. गाणारा माणूस शीख नावाचा, उच्चार पक्का इंग्लंडचा, आणि कडव्यामागून कडव्यात 'आशा' येतंय. आई स्वयंपाकघरातून ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आपल्या आशाचं नाव घेतोय का गं तो?" पुढे लताबाईंचं आणि रफीसाहेबांचंही नाव आलं, तेव्हा ती गॅस बारीक करून परत आली आणि शेवटपर्यंत उभीच राहिली. सांगलीत जन्मलेल्या बाईचं नाव इंग्लंडातली पोरं नाचत नाचत घेताहेत, याचं तिला फार अप्रूप वाटलं होतं.

आता मूळ गोष्ट. तजिंदर सिंग हा वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेला. कॉलेजच्या दिवसांत प्रेस्टनला त्याचा आणि मित्रांचा एक बँड होता, त्यातून पुढे लेस्टरमध्ये कॉर्नरशॉप उभा राहिला. तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, ड्रमवर डेव्हिड चेंबर्स आणि गिटार-तंबोऱ्याला बेन एअर्स. नाव मुद्दाम घेतलेलं. इंग्लंडात आशियाई माणूस म्हटला की तो कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवणारच, असा शिक्का असायचा. तोच शिक्का यांनी पाटीसारखा दारावर लावला.

सुरुवातीचं संगीत गोड अजिबात नव्हतं. खरखरीत, कर्कश गिटार आणि रागाने भरलेले शब्द. 1992 मध्ये मॉरिसी या गायकावर त्याने वापरलेल्या प्रतीकांवरून वर्णद्वेषाचे आरोप होत होते, तेव्हा या पोरांनी त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे ईएमआयच्या, कचेरीसमोर त्याचा फोटो जाळला. तेव्हा त्यांची एक रेकॉर्डही बाजारात नव्हती. पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, 1993 मध्ये वीजा या छोट्या कंपनीने काढली (हे नाव लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानाच्या पोस्टकोडवरून आलेलं), आणि तिची तबकडी छापली होती करीच्या रंगाची. 1994 चा पहिला अल्बम मला आजही ऐकायला जड जातो. पण 1995 च्या 'वुमन्स गॉटा हॅव इट'मध्ये '6 ए.एम. जुलंधर शेरे' नावाचं गाणं आहे, ते जरूर ऐका. सतारीचा झंकार, एकच ठेका, पंजाबी शब्द, आणि त्याच त्याच आवर्तनातून हळूहळू लागत जाणारी भजनासारखी तंद्री. बँडला आपला आवाज सापडला तो इथे.

मग 1997 चा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. त्यातलं दुसरंच गाणं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. 'ब्रिमफुल' म्हणजे काठोकाठ. शीर्षकातला दुसरा शब्द इंग्लंडातल्या बहुतेकांना फक्त एक नाव वाटलं असेल, पण आपल्याला तो श्लेष समजावून सांगावा लागत नाही. आणि गाण्यात सारखा येणारा 'फॉर्टी फाइव्ह' म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणारी सात इंची तबकडी. आपल्याकडेही जुन्या घरांत सिनेमाच्या अशा तबकड्या कागदी पाकिटांत उभ्या लावलेल्या असायच्या, कडेला घरच्यांचं नाव शाईने लिहिलेलं. परदेशात जाऊन राहिलेल्या पंजाबी घरातही तेच. आईबापांची भाषा, सिनेमा, गाव, सगळं त्या सात इंचांत.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पुढची. गाण्याच्या उत्तरार्धात तजिंदर हा इंग्लिश रॉक गायक मार्क बोलन, फ्रेंच गायक झाक द्युत्राँ आणि जमैकन संगीताची ट्रोजन ही कंपनी, या सगळ्यांची नावं आशाताईंच्या ओळीत आणून बसवतो. त्या पोराच्या खोलीत या सगळ्या तबकड्यांची चवड एकच आहे. त्यात हे आपलं आणि ते परकं असा कप्पा नाही. मधेच सरकारी इशारे आणि बांधली जाणारी धरणं यांचाही उल्लेख येऊन जातो. म्हणजे वर वर हलकंफुलकं वाटणारं हे गाणं तितकंसं निरागस नाही.

आता गंमत अशी की हे मूळ गाणं ऑगस्ट 1997 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 60 व्या क्रमांकावर थांबलं. बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षाच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'त, म्हणजे श्रोत्यांच्या मतांवर ठरणाऱ्या वर्षअखेरच्या यादीत, त्याला पहिलं स्थान दिलं. मग नॉर्मन कुक, म्हणजेच फॅटबॉय स्लिम या नावाचा इंग्लिश डीजे, याने गाण्याची लय वाढवली, पट्टी वर नेली, खाली दणदणीत ठेका घातला, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये ते आठवडाभर पहिल्या क्रमांकावर होतं. आपण केबलवर ऐकलं ते हेच.

म्हणजे जग या बँडला ओळखतं ते दुसऱ्याने धरलेल्या लयीत. मूळ गाणं संथ आहे, आरामात पाय पसरून बसल्यासारखं. मी ते काही वर्षांनी सीडीवर ऐकलं तेव्हा आधी वाटलं की प्लेअर बिघडलाय. आज मात्र मला तेच हवं असतं, कारण त्या लयीत शब्द ऐकू येतात.

पहिल्या क्रमांकानंतर कुणीही लगेच दुसरं तसंच गाणं केलं असतं. तजिंदर आणि बेनने ते केलं नाही. क्लिंटन या वेगळ्या नावाने 1999 मध्ये त्यांनी एक डिस्को अल्बम काढला. कॉर्नरशॉपचा पुढचा अल्बम, 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन', थेट 2002 मध्ये आला. त्यात ओअॅसिस या इंग्लिश बँडच्या नोएल गॅलहरने एका लांबलचक गाण्यात गिटार वाजवली आहे, तरी बाजारात त्याचा गाजावाजा झाला नाही. नंतर त्यांनी अँपल प्ले हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि आपल्या सवडीने काम करत राहिले. 2011 मध्ये बबली कौर या गायिकेला घेऊन त्यांनी अख्खा पंजाबी अल्बम केला, तो माझा फार लाडका आहे. 2015 मध्ये आपलाच तो कर्कश पहिला अल्बम त्यांनी बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या, थाटात, निव्वळ वाद्यांवर पुन्हा वाजवला. ज्या चाली मला जड जायच्या त्या तिथे चक्क गुणगुणता येतात.

तर बँड संपला नाही, फक्त याद्यांमधून बाहेर पडला. तजिंदर आणि बेन ही जोडी तेवढी पहिल्यापासून टिकली.

ऐकायला सुरुवात करायची तर 1997 चा अल्बम घ्या आणि सलग ऐका, मधले नुसत्या वाद्यांचे छोटे तुकडे गाळू नका. अ‍ॅलन गिन्सबर्ग हे कवी त्यात एका ठिकाणी स्वतःच्या आवाजात आहेत. आणि अगदी शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' आहे. 1965 मध्ये जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली आणि इंग्लिश पॉपमध्ये सतारीची लाट आली. इथे सतार आहेच, पण तजिंदर संपूर्ण गाणं पंजाबीत गातो, तेही कुठलाही आव न आणता, घरात कुणी सहज गुणगुणावं तसं. माझ्या आईला पंजाबी कळत नाही. हे गाणं लागलं की ती अजूनही विचारते, "हा तोच ना, आशावाला?"