मीठ संपतच नाही, मग बिघडलं कुठे?

प्रश्न : ताई, डिशवॉशर घेऊन आठ महिने झाले. सुरुवातीला ग्लास लखलखीत निघायचे. आता त्यांच्यावर पांढुरकी झाक येते आणि चमच्यांवर थेंबांचे डाग जसेच्या तसे राहतात. आमचं पाणी जड आहे, बादलीलाही थर धरतो. मीठ मात्र पहिल्याच दिवशी काठोकाठ भरलं होतं, ते अजून संपलेलं नाही, म्हणजे ती बाजू ठीक असावी. पावडर दुप्पट करून पाहिली, फरक नाही. मशीनमध्येच दोष आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं मिठाचं वाक्य मी दोनदा वाचलं. जड पाणी, आठ महिने, आणि मीठ तसंच? मग ते खर्चच होत नाहीये. मशीनवर इतक्यात आळ घेऊ नका.

मीठ भांड्यांसाठी नसतंच मुळी. मशीनच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. पाणी त्यांच्यातून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना धरून राहतात, बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरून गेले की मिठाचं पाणी फिरवून त्यांना पुन्हा कामाला लावायचं. हे कधी करायचं, ते बहुतेक मशीन तुम्ही सेटिंगमध्ये दिलेल्या पाण्याच्या जडपणाच्या आकड्यावरून ठरवतात. तो आकडा खालीच राहिला असेल तर मीठ तसंच पडून राहतं आणि क्षार थेट ग्लासांवर जातात.

तेव्हा आधी पाणी मोजा. हार्डनेसची पट्टी मिळते, ती पाण्यात बुडवायची आणि रंग जुळवून पाहायचा. टीडीएस मीटरवर जाऊ नका. तो विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, त्यात जडपणा किती ते कळत नाही. माझ्याकडे पट्टीवर ३५० आलं, म्हणजे लिटरला ३५० मिलिग्रॅम. मशीनच्या पुस्तिकेत जडपणा मोजायचं दुसरं माप होतं, जर्मन डिग्री. १७.८ ने भागलं, साधारण २० आले, तेवढं सेटिंग केलं. महिन्याभरात मिठाचा दिवा लागला आणि मला चक्क आनंद झाला!

सेटिंग बदललं तरी आधीचा थर आपोआप जाणार नाही. मशीन रिकामं ठेवा, पावडरच्या कप्प्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घाला आणि सर्वांत गरम प्रोग्रॅम लावा. डिटर्जंट नको, ब्लीच तर अजिबात नको. ॲसिड तळाशी टाकलंत तर पहिल्याच खळबळण्यात वाहून जातं, म्हणून कप्पा. फवारणारे हात काढून त्यांची भोकंही टूथपिकने मोकळी करा. रिन्स एडचा, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाचा, कप्पा भरलेला असू द्या, त्याने थेंब न थांबता पाणी पसरून ओघळतं.

एका ग्लासावर व्हिनेगर चोळून पाहा. झाक गेली तर क्षार होते. नाही गेली तर काच झिजली आहे आणि त्यावर इलाज नाही. पावडर मात्र आजच निम्मी करा. पाणी मऊ झालं की जास्तीची पावडर काचेलाच खाते.

‘मीठ लागत नाही’ असं लिहिलेल्या गोळ्या मध्यम पाण्यापर्यंत ठीक. तुमच्या पाण्याला त्यांचा भरवसा धरू नका.

आता माझी फजिती. एकदा मिठाच्या कप्प्याचं झाकण आट्यांवर नीट बसलं नव्हतं. सगळी भांडी पांढरी निघाली. मी क्षार क्षार म्हणत सेटिंग आणखी वर नेलं, तरी तेच. शेवटी एका वाटीला जीभ लावली, तर खारट! मीठच गळत होतं. तेव्हापासून झाकण लावलं की एकदा हाताने हलवून बघते, आणि मीठ नेहमी भांडी धुवायला लावण्याच्या तोंडावरच भरते, कारण सांडलेलं खारं पाणी तसंच राहिलं तर स्टीललाही गंज चढतो.