स्वयंपाक शिकताना पैसे नेमके कुठे वाया जातात?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त एकटा राहतो. खर्च आटोक्यात यावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी घरी स्वयंपाक करायला लागलो. रोज एखादी नवी पाककृती निवडतो आणि तिला लागणारे सगळे साहित्य आणतो. पण त्यातले बरेचसे एकदाच वापरले जाते आणि उरलेले खराब होते. हिशेब मांडला तेव्हा बाहेरचे जेवणच स्वस्त पडले असते, असे लक्षात आले. माझे काय चुकते आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : आपण हिशेब ठेवलात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. नवशिक्याचा पैसा महागडे जिन्नस घेण्यात जितका जातो, त्याहून अधिक आणलेले जिन्नस न संपल्यामुळे जातो. स्वस्तात मिळालेल्या कोबीचा अर्धा गड्डा फेकावा लागला, तर खाल्लेला अर्धा आपल्याला दुप्पट भावाने पडला, असाच हिशेब करायला हवा. रोज नवा पदार्थ करायचा म्हटला की ही नासाडी टळत नाही. शिवाय कोणताही पदार्थ दुसऱ्यांदा होत नसल्यामुळे पहिल्या खेपेची चूक सुधारण्याची संधीही मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की, पुढचा एक महिना नवीन काहीही शिकू नये. तीनच पदार्थ ठरवावेत आणि तेच आलटूनपालटून करावेत.

ते तीन कोणते, असे विचाराल तर मी भात, मसुराची डाळ आणि एखादी परतलेली भाजी सुचवीन. अंडी खात असाल तर उकडलेले अंडे सोबतीला घ्यावे. तांदूळ आणि डाळ कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकतात, कांदे-बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी काही आठवडे राहतात आणि कोबी किंवा गाजर फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहते. पालेभाजी मात्र ज्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करायची असेल, तेवढीच आणावी.

मसुराची निवड मी विचारपूर्वक केली आहे. सोललेली लाल मसूर डाळ न भिजवता साध्या पातेल्यात 15 ते 20 मिनिटांत शिजते, त्यामुळे इंधनही थोडे लागते आणि दमून घरी आलेल्या माणसाला ती करण्याचा कंटाळा येत नाही. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि शिजल्यावर तिचे वजन अडीच पटींच्या आसपास होते. म्हणजे एवढ्या डाळीत एका माणसाची दोन जेवणे नीट होतात. एक गोष्ट मात्र पाळावी. टोमॅटो किंवा लिंबाचा रस डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा घटक आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे आधीच आंबट घातले तर डाळ कितीही उकळली तरी कणीदार राहते. पुष्कळ नवशिके याचा दोष डाळीला देतात आणि दुसरी डाळ विकत आणतात.

हे तीन पदार्थ करताना दर खेपेला एकच गोष्ट बदलून पाहावी : आज कांदा थोडा अधिक परतावा, उद्या पाणी थोडे कमी घालावे आणि काय फरक पडला ते वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे. सगळे मीठ एकदम न घालता थोडे आधी आणि थोडे शेवटी, चव घेऊन घालावे. खारट झालेल्या पदार्थात बटाटा टाकला की तो जादा मीठ शोषून घेतो, असे आपण ऐकले असेल. पण बटाटा मिठासकट पाणीही शोषतो, त्यामुळे उरलेल्या रसाचा खारटपणा होता तसाच राहतो. त्यावर खरा उपाय म्हणजे बिनमिठाची डाळ किंवा पाणी घालून पदार्थच वाढवणे.

भांड्यांवर तर मुळीच खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे एक पातेले, एक कढई, भाजी चिरण्याची एक फळी आणि एक चांगली सुरी एवढ्यावर वर्षभर काम भागते. सुरी धारदारच असावी; बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोटावर येते.

प्रश्न : माझी भाजी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. भातही कधी चिकट होतो, तर कधी टणक. आच मोठी ठेवली तर स्वयंपाक लवकर होत नाही का?

उत्तर : नाही, आणि ही एक गोष्ट पटली की पुढचे पुष्कळ काही आपोआप सुधारेल. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यात त्याच्या वर जात नाही. एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवली तरी पदार्थ त्याच तापमानाला शिजतो. फक्त पाणी लवकर आटते आणि इंधन वाया जाते. म्हणून उकळी आल्यावर आच मंद करून झाकण ठेवावे.

भाजीला छान तांबूस रंग यायला मात्र साधारण 140 अंशांपुढचे तापमान लागते आणि भाजीच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून गेल्याशिवाय ते गाठता येत नाही. म्हणून ही दोन्ही कामे वेगवेगळी करावीत. बटाट्याच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या सारख्या फोडी कराव्यात, तेलात घालून थोडे पाणी शिंपडावे आणि सुरी सहज आत जाईपर्यंत झाकणाखाली वाफेवर शिजवाव्यात. मग झाकण काढून आच थोडी वाढवावी आणि रंग येईपर्यंत परताव्यात. कढई गच्च भरली असेल तर वाफ कोंडते आणि भाजी परतली न जाता नुसती उकडते.

भातासाठी एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी या प्रमाणाने सुरुवात करावी. तांदूळ अर्धा तास भिजवला असेल तर पाव वाटी पाणी कमी घालावे. उकळी आली की झाकण लावून अगदी मंद आचेवर 12 ते 15 मिनिटे ठेवावे, आच बंद करावी आणि पुढची 10 मिनिटे झाकण उघडू नये. या वेळात खालची ओल वरच्या शितांपर्यंत सारखी पोहोचते. मधेच डावाने ढवळल्यास शिते मोडतात, त्यांतला स्टार्च बाहेर पडतो आणि भात चिकट होतो.

प्रश्न : सुटीच्या दिवशी आठवडाभराचे जेवण करून ठेवले तर चालेल का?

उत्तर : काही पदार्थांचे चालेल, भाताचे चालणार नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यानेही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की वाढू लागतात. त्यांनी तयार केलेल्या विषांपैकी उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून तासाभरात थंड करावा, लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. शिजवलेली डाळ फ्रीजमध्ये 4 अंशांच्या आसपास तीन दिवस ठेवायला हरकत नाही. अधिक दिवसांसाठी तिचे एकेका जेवणाचे डबे भरून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवावेत.

आठवड्याच्या बेतात राजमा असेल तर एक सावधगिरी बाळगावी. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचे एक विष असते आणि अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्यांना पुरेसे होतात. दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळून उकळावेत आणि मगच मऊ होईपर्यंत शिजवावेत.

प्रश्न : तेल पेटेल या भीतीने मी शेगडीजवळ जायला कचरते. तसे झालेच तर काय करावे?

उत्तर : तेलातून धूर येऊ लागला की तोच इशारा समजून आच बंद करावी, कढईत जेमतेम तळ भिजेल एवढेच तेल घेऊन मध्यम आचेवर काम केले तर ती वेळ सहसा येत नाही. तरीही ज्वाळा उठलीच, तर शेगडी बंद करावी आणि धातूचे झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवावे. पाणी कदापि ओतू नये, कारण ते तापलेल्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडवते. कढई उचलून दुसरीकडे नेऊ नये आणि ती पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढू नये. हवा आत शिरताच गरम तेल पुन्हा पेट घेऊ शकते. झाकणाने ज्वाळा विझली नाही, तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. स्वयंपाकाला उभे राहण्यापूर्वीच ते झाकण हाताशी काढून ठेवलेत, तर आपली भीती पुष्कळ कमी होईल.