अपेंडिक्स काढल्यावर मुलाला पुन्हा अपेंडिक्सचा त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. "अपेंडिक्स तर काढलंय, मग ते कसं दुखेल?" असं म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. ऑपरेशनला वर्ष झाल्यावर तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला उजवीकडे तसंच दुखतंय हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं, दुर्बिणीतून काढलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दुखायला लागलं. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, एकत्र कुटुंब. थोरल्या भाऊजींनी लगेच निकाल दिला: तिमाही परीक्षा आली, पोराची नाटकं सुरू झाली. मग सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर खापर फुटलं. सासूबाईंनी एरंडेल काढलं. मी देऊ दिलं नाही. शाळेतून स्कूटरवर आणताना दर गतिरोधकाला तो माझ्या पाठीवर कपाळ टेकून श्वास रोखून धरायचा. घरी त्याला उडी मारायला सांगितलं, तर पाय जमिनीला लागताच उजवी कूस धरून खाली बसला. नाटक करणाऱ्या पोराला गतिरोधकावर दुखायला हवं हे कुठून ठाऊक असणार?

पहिल्या दवाखान्यात व्रण बघितला, सोनोग्राफीत गॅसमुळे काही दिसलं नाही, गोळ्या देऊन घरी पाठवलं. रात्री ताप चढला. दुसऱ्या सर्जननी सीटी स्कॅन करवला, तेव्हा कळलं की अपेंडिक्सचं दोनेक सेंटीमीटर बूड आतच राहिलं होतं आणि तेच सुजलं होतं.

याला स्टंप अपेंडिसायटिस म्हणतात. अपेंडिक्स पुन्हा उगवत नाही, राहिलेला भाग सुजतो. बूड ५ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये असं मानतात. मोठ्या आतड्यावरच्या तीन स्नायूंच्या पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे अपेंडिक्सचं मूळ असतं. सर्जन त्यांचा माग काढत तिथवर जातात. पण फुटलेल्या अपेंडिक्सभोवती सगळं चिकटून बसलं की मूळ नीट दिसत नाही, आणि मूळ समजून थोडं वरच बांधलं जातं. उरलेल्या बुडात मळाचा खडा अडकला की पुन्हा तेच दुखणं. वैद्यकीय लेखनात १९४५ सालापासून याची नोंद आहे; काहींना थोड्या आठवड्यांत होतं, काहींना कित्येक वर्षांनी. उपाय बहुधा एकच, राहिलेलं काढून टाकणं.

भाऊजी अजून म्हणतात की दुसरं ऑपरेशन पैशांसाठी केलं. काढलेला तुकडा तपासायला गेला होता. अपेंडिक्सचीच भिंत, त्यात पू, असं अहवालात स्पष्ट लिहिलंय. पैशांसाठी कोणी पोराच्या पोटात पू भरत नाही.

तुम्ही पहिल्या ऑपरेशनची टिपण आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल दवाखान्यातून मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ते घेऊन लहान मुलांच्या सर्जनकडे जा आणि सरळ विचारा, "बूड राहिलं असेल का?" हा प्रश्न आईबापांनी विचारला तर काही बिघडत नाही.

मी डॉक्टर नाही, हेही सांगते. ऑपरेशननंतर मुलांचं पोट दुखण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात: बद्धकोष्ठ, विषाणूच्या तापानंतर पोटातल्या गाठी सुजणं, आतडी व्रणाला चिकटणं. म्हणून उगाच सीटीचा हट्ट धरू नका, त्यात किरणोत्सर्ग असतो. मुलांची आधी सोनोग्राफीच करतात. पण हिरवी उलटी, ताप, ताठर पोट किंवा चालताना वाकणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जुलाबाचं औषध देऊ नका. आणि घरात कोणी "नाटक करतोय" म्हणालं, तर त्यांनाही सोबत दवाखान्यात न्या, डॉक्टरांसमोर बोलू द्या.