लघवीची जळजळ क्रॅनबेरीच्या रसाने थांबते का?

जळजळ सुरू झाली असेल तर रसावर विसंबू नका. क्रॅनबेरीतली काही द्रव्यं ही जळजळ घडवणाऱ्या ई. कोलाय जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. चिकटून वाढलेल्या जंतूंना मात्र ती मारत नाहीत, त्याला अँटिबायोटिकच लागतं.

उपयोग आहे तो पुन्हापुन्हा होणारा संसर्ग टाळायला. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 50 अभ्यास तपासले होते. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी दिसला. गरोदर बायकांना फायदा दिसला नाही.

आपल्याकडे लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्याचं पाणी देतात. माझ्या आईने तेच केलं, जोडीला क्रॅनबेरीचा रस. दर दहा मिनिटांनी उठायची, चार थेंब व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, पाठीत एका बाजूला कळ. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ते तीन दिवस वाया घालवल्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, आधी लघवी तपासा, कल्चर (लघवीत कोणते जंतू वाढतात ती तपासणी) करा. ताप, पाठदुखी, लघवीत रक्त किंवा गरोदरपण असेल तर आजच डॉक्टरांकडे जा.

बाटलीमागचं लेबलही वाचा. बऱ्याच ‘क्रॅनबेरी ड्रिंक’मध्ये रस थोडा आणि साखरच जास्त असते, मधुमेह असेल तर ती नकोच. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरीच्या गोळ्या किंवा रस घेऊ नका. आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, झाडच वेगळं.