घुमटाचा आवाज फाटतो, मग एडिटर कुठला घेऊ?

प्रश्न : आम्ही डिचोलीची पाच-सहा पोरं, चवथीला घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) वाजवून आरत्या म्हणतो आणि यंदा देवळाच्या जत्रेतल्या नाटकाचं पण शूटिंग करून यूट्यूबवर टाकायचं ठरलंय. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेल्या चवथीचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर घुमट आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) जोरात सुरू झालं की आवाज फाटतो. वर्गणी काढून सहा हजार जमलेत, त्यात कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं? — एक वाचक, डिचोली

उत्तर : सॉफ्टवेअरला एक रुपया घालू नका. आवाज फाटतो तो एडिटरमुळे नाही, रेकॉर्ड होतानाच फाटलाय. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छप्पर, त्याच्यावर आवाज गेला की लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि कापलं गेलेलं परत आणता येत नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्लिप फिक्स म्हणून एक इफेक्ट आहे, थोडंफार सावरतो, पण चमत्कार नाही करत. त्यात फोन काय करतो, आरती हळू सुरू झाली की स्वतःच गेन, म्हणजे माइकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, वाढवून बसतो आणि मग पहिली थाप पडली, कासाळं (मोठ्या झांजा) वाजली की संपलंच. म्हणून हाताने गेन ठरवता येतो असं रेकॉर्डिंगचं अॅप घ्या, सगळ्यात जोरात वाजवून बघा, आणि मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. आवाज कमी आला असं वाटेल, वाटू दे, नंतर वाढवता येतो. आणि फोन घुमटाच्या तोंडाशी नको, तीन-चार हात लांब, गाणाऱ्यांच्या बाजूला, कारण माइकच दबून गेला तर गेन कमी करून पण काही होत नाही.

आता एडिटर. दाविंची रिझॉल्व्हचं नाव सगळेच घेतात आणि खरंच फुकटात एवढं देणारं दुसरं काही नाही, रंग सुधारणं, आवाजासाठी फेअरलाइट नावाचा आतलाच भाग, 4के यूएचडीपर्यंत एक्सपोर्ट, आणि पैसेवालं स्टुडिओ व्हर्जन पण 295 डॉलर एकदाच, महिन्याचं भाडं नाही. पण ते किमान 16 जीबी रॅम मागतं आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड पण, तुमच्या लॅपटॉपवर धापा टाकेल. तुम्ही केडीएनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या, दोन्ही ओपन सोर्स, ना वॉटरमार्क ना ट्रायल. टाकल्या टाकल्या पहिलं काम प्रॉक्सी चालू करणं, म्हणजे एडिट करताना सॉफ्टवेअर हलकी छोटी कॉपी वापरतं आणि शेवटी एक्सपोर्टला मूळ फाइल घेतं. हे न करता "लॅपटॉप हँग होतो" म्हणणारे खूप भेटतात.

मराठी टायटल टाकताना एक बघा, काही एडिटरमध्ये जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलतीकडे जाते. केडीएनलाइव्हच्या टायटलरमध्ये देवनागरी सहसा नीट बसते. नाही बसली तर इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टायटल करून पारदर्शक पीएनजी आणा. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि दिसायला पण बरे.

सहा हजारांचं म्हणाल तर आधी बाहेरची हार्ड डिस्क, कारण फोनचं 1080पी शूटिंग तासाला सात-आठ जीबी सहज खातं. उरलेल्यात नाटकाच्या दिवसापुरता एक रेकॉर्डर भाड्याने आणा, साउंडवाल्या भावाला आधी चहा पाजा आणि त्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरच्या लाइन-इनला (मशीनमधून येणारा जोरदार आवाज घ्यायचं भोक) आउट घ्या. फोनच्या माइक जॅकला नको, तिथे परत फाटेल. आणि कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर स्टेजवरच्या ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकतात.

प्रश्न : फोनवर व्हिडिओ आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला. पन्नास मिनिटांचं कीर्तन, सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी शेवटी आवाज मागे पडतो. रेकॉर्डर खराब आहे का? — फोंड्याहून

उत्तर : नाही हो, रेकॉर्डर बरा आहे. फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की बदलतो, आणि काही एडिटर तो एकसारखाच आहे असं धरून चालतात. व्हिडिओ आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढा, तिथे कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा. शॉटकट तर अशी फाइल टाकली की स्वतःच विचारतं, एडिटला सोपी करून घेऊ का, हो म्हणा. आवाजाचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झवर ठेवा, 44.1 नको.

एवढं करून पण थोडा फरक राहतो कारण दोन मशीनची घड्याळं तंतोतंत एक नसतात. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवायची, पहिली टाळी जुळवायची, दुसरीकडे किती सेकंद सरकलं ते बघून आवाज तेवढा ताणायचा, ऑडॅसिटीत चेंज टेम्पो आहे, पट्टी बदलत नाही. बुवांना शेवटी टाळी वाजवायला सांगणं बरं दिसत नाही, तर टाळकऱ्याचा एक ठोका धरा.

प्रश्न : मित्राने पेनड्राइव्हवर महागडं एडिटर क्रॅक करून दिलंय. वापरू का? — म्हापसा

उत्तर : नको. क्रॅकबरोबर काय काय येतं ते त्या मित्राला पण माहीत नसतं. फोनवरच करायचं असेल तर व्हीएन नावाचं एडिटिंग अॅप आहे, फुकट. कॅपकट भारतात अधिकृत मिळत नाही, त्याची एपीके (अॅपची फाइल) इकडून तिकडून उतरवून घेणं हा पण क्रॅकचाच भाऊ.

प्रश्न : आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी कपाटात सापडल्या, काहींवर पांढरं आलंय. कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, खर्च किती? — वाळपईची एक वाचक

उत्तर : ताई, पांढरं आलंय ती बुरशी, आपल्या पावसाची देणगी. तशा कॅसेटी आधी लावूच नका, बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींना. त्या बाजूला ठेवा, सिलिका जेल घालून डब्यात, आणि जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, टेप चिकटलेली असेल तर मोकळी होते.

टेपरेकॉर्डर चालू असेल तर खर्च फक्त लाइन-इन असलेल्या छोट्या यूएसबी साउंड कार्डचा. लॅपटॉपचं भोक बहुतेक माइकचं, मोनो असतं, तिथे लावू नका. रेकॉर्ड ऑडॅसिटीत, फाइल वेव्ह ठेवा, एमपी3 नंतर नातेवाईकांना पाठवायला. 44.1, 16 बिट स्टिरिओ तासाला 600 एमबीच्या थोडं वर जातं, तेवढं काही जास्त नाही.

हिस्स कमी करायला कोणी गात नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये त्याचं प्रोफाइल (नुसत्या हिस्सचा नमुना) घ्या, मग सगळ्यावर लावा, पण सहा-नऊ डेसिबलच्या पुढे नको. पुढे गेलात की आजोबा पाण्यात बसून गातायत असं वाटतं. गुणगुण असेल तर 50 आणि 100 हर्ट्झला नॉच फिल्टर, तो नेमका तेवढाच सूर कापतो. आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, सगळं कॉपीवर.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डवरचं नाट्यपद व्हिडिओला लावलं, यूट्यूबने कॉपीराइटचा क्लेम टाकला. काय करू? — मडगाव

उत्तर : कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं आणि शब्दांचा-चालीचा वेगळा, तो कवी-संगीतकार गेल्यावर 60 वर्षं, म्हणजे रेकॉर्ड जुनी असली तरी दोन्ही तपासावं लागतं. दोन्ही मुदती संपल्या असतील तर क्लेमवर डिस्प्यूट (हरकत) टाका आणि प्रकाशनाचं वर्ष लिहा. नसतील तर गावातल्या पेटीवाल्याला बोलवून तेच पद परत गाऊन घेतलं तरी शब्द-चालीचा प्रश्न राहतोच, एवढं मात्र ध्यानात ठेवा.