साखर पिऊ नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे रिपोर्ट पाहिले. एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून कळणारी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ५.९ टक्के, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात थोडी चरबी, आणि वय अजून पंचविशीच्या आत. वर तू विचारतोस, "मी मिठाई खातच नाही, मग हे आलं कुठून?" आलं ते पेल्यातून. साखर पिऊ नकोस. खाण्याचं नंतर बघू.

तूच लिहिलेल्या दिवसाचा हिशेब मांडू. चार चहा, प्रत्येकात दोन चमचे. सपाट चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम. तू शिगोशीग भरत असणार, म्हणजे जास्तच. दुपारी कोलाची ३०० मिलीची बाटली, तिच्यात ३० ग्रॅमच्या वर. सत्तरी इथेच ओलांडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा रोजच्या २००० कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅम येते, आणि २५ च्या आत राहिलं तर अधिक चांगलं. बिस्किटं, सॉस यांतली साखर मी अजून धरलेलीच नाही.

साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. ते भरपूर आणि भराभर आलं की यकृत त्याची चरबी करतं. काही तिथेच साठते, काही ट्रायग्लिसराइड बनून रक्तात उतरते. युरिक अ‍ॅसिडही वाढतं. प्यायलेली साखर चावावी लागत नाही, झटकन शोषली जाते आणि पोट भरल्याचं कळतही नाही. कोला प्यायलास म्हणून रात्री एक पोळी कमी खाल्लीस का?

गुळाचा चहा सुरू केलास म्हणे. अरे, गूळही बहुतांशी सुक्रोज, म्हणजे साखरच! मधाचंही यकृताला वेगळं कौतुक नाही. मोसंबीचा रस नको, मोसंबी सोलून खा. चोथ्यामुळे साखर हळूहळू उतरते. आणि साखरेऐवजी घालायच्या कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचं पुन्हा विचारू नकोस. वजन कमी करायला त्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलं आहे.

चहाची साखर एकदम तोडू नकोस, चार दिवसांत परत येशील. दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी कर. घरी साखर घालूनच चहा उकळत असतील, तर तुझा कप आधी गाळून घे. ऑफिसात एकच कप तासभर घोट घोट पिणं सोड. प्रत्येक घोटाबरोबर तोंडातले जंतू नव्याने आम्ल तयार करतात आणि दाताचं कवच झिजतं. वाण्याची यादीही तपास: चार माणसांना महिन्याला ५ किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर झाली. बाटलीवरचा आकडा बहुधा १०० मिलीचा असतो, ३०० मिलीच्या बाटलीला तो तिप्पट करायचा.

एवढ्याशा गोष्टीवर मी अडून बसतो, असं लोक म्हणतात. बसतोच. सणाच्या ताटावर डोळे वटारणारे सल्ले मला पटत नाहीत. पुरणपोळी वर्षातून दोन-चारदा होते, चहा रोज चार वेळा. होळीला पोळी खा, तूप घालून खा. पण साखर पिऊ नकोस.

दोष एकट्या साखरेचा नाही, हे मान्य. वडिलांना मधुमेह, तुझं दिवसभर बसून काम, पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे. पण वारसा बदलता येत नाही, कप बदलता येतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालत जा.

एचबीए१सी तीन महिन्यांनीच पुन्हा कर. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधीचा आकडा अर्धवट बोलतो. सोबत उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइडही बघ. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाआधीची पायरी, ६.५ पासून मधुमेह. मधेच तहान फार लागली, लघवीला वारंवार जावं लागलं किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर तीन महिने थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.